जव्हार आणि वसई : डोंगरातले राज्य, किनाऱ्यावरचे राज्य

पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी स्थापन झाला. त्याच्या हद्दीत एकेकाळी दोन राज्यांच्या राजधान्या समोरासमोर उभ्या होत्या. जव्हार ही मुकणे घराण्याच्या आदिवासी (महादेव कोळी) राज्याची, तर वसई ही पोर्तुगीजांच्या उत्तर प्रांताची. या दोन शहरांची भूमी, बांधणी आणि नशीब यांची तुलना आम्ही येथे करत आहोत.

स्थापना

परंपरेनुसार जयबा मुकणे यांनी वारली प्रमुखाकडून जव्हार घेतले. बैलाच्या कातड्याएवढी जागा मागायची आणि कातड्याची बारीक वादी करून मोठा मुलूख वेढायचा, अशी दंतकथा सांगितली जाते. कार्थेजच्या राणीबद्दलही हीच कथा आहे, त्यामुळे ती इतिहास म्हणून घेता येत नाही. मात्र जमीन मुळात वारल्यांची होती, हे तीही मान्य करते. १३४३ साली दिल्लीच्या सुलतानाने नेमशहाला राजा म्हणून मान्यता दिली. त्या वेळी २२ किल्ले आणि ९ लाखांचे उत्पन्न या राज्याकडे असल्याचे गॅझेटियर नोंदवते.

वसई पोर्तुगीजांना लढून नव्हे, तहाने मिळाली. १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने ती त्यांना दिली. पण या किनाऱ्याचा इतिहास त्याहून जुना आहे. वसईजवळचे सोपारा हे प्राचीन बंदर. सम्राट अशोकाच्या शिलालेखाचे तुकडे तेथे सापडले आणि १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तेथील स्तूपाचे उत्खनन केले. नाशिकच्या लेण्यांतील उषवदाताच्या लेखातही शूर्पारकाचा उल्लेख आहे.

भूमी

जव्हार समुद्रसपाटीपासून सुमारे ४५० मीटर उंचीवर, दऱ्यांनी कापलेल्या पठारावर आहे. पाऊस धो धो पडतो, पण उतारावर थांबत नाही. नागली, वरई, खुरासणी आणि खाचरातला भात ही येथली पिके. वसईची जमीन सपाट व गाळाची. केळी, नागवेल, ऊस, सुपारी यांच्या बागा आणि जोडीला मिठागरे व मासेमारी. किनाऱ्याकडे व्यापार होता, डोंगराकडे वाटा होत्या. घाटाखाली उतरणारी वाट ज्याच्या हातात, त्याचा वचक किनाऱ्यावर. म्हणूनच पोर्तुगीजांना डोंगरातल्या राजांकडे दुर्लक्ष करता आले नाही. शेजारच्या रामनगरचा राजा तर दमणच्या गावांकडून चौथाई घेत असे.

शहरे

वसईचा कोट घडीव दगडाचा. आत चर्च, मठ, सरदारांचे वाडे, दवाखाना. एक दरवाजा बंदराकडे, दुसरा जमिनीकडे. भोवतालची गावे पोर्तुगीज सरदारांना वार्षिक खंडावर दिलेली होती. कोट दगडाचा होता, पण तो उभा राहिला गावकऱ्यांच्या कष्टावर.

जव्हारचा कोट म्हणजे दऱ्याच. रक्षणासाठी भूपतगडासारखे किल्ले आणि भोवती कुडाच्या घरांचे पाडे. आज पर्यटक जो जयविलास राजवाडा पाहतात, तो विसाव्या शतकातला. यशवंतराव मुकणे महाराजांच्या काळातला.

उतार

जून १६७२ मध्ये मोरोपंत पिंगळे यांनी जव्हार जिंकले. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली. म्हणजे दोन्ही राज्यांना मराठी सत्तेनेच नमवले. वसई कायमची गेली. जव्हार तुकड्यातुकड्याने आटले. १७८२ पर्यंत पंधरा-वीस हजारांच्या उत्पन्नाचा मुलूख तेवढा राजाकडे उरला. मोखाड्याचा भाग पुढे ब्रिटिश ठाणे जिल्ह्यात, शहापूर तालुक्याचा पेटा होता. १९४८ मध्ये जव्हार संस्थान विलीन झाले.

आदिवासी राजा होता म्हणून सामान्य आदिवासी सुखी होता, असे मात्र समजू नये. राजाला मुजरा करणारा आणि जमीनदाराची वेठबिगार करणारा समाज एकच होता. वेठीविरुद्ध वारल्यांना १९४५ मध्ये उठाव करावा लागला.

आजची तुलना

२०११ च्या जनगणनेत वसई-विरार शहराची लोकसंख्या सुमारे १२ लाख, जव्हार शहराची सुमारे १२ हजार. सुमारे शंभरपट. जिल्ह्याचे मुख्यालयही डोंगराला मिळाले नाही. ते रेल्वेमार्गावरच्या पालघरला गेले. १९९२ मध्ये जव्हारच्या वावर-वांगणीत कुपोषणाने बालके दगावली, तेव्हा महाराष्ट्राला हा तालुका नकाशावर दिसला.

पाण्याचा हिशेब याहून बोलका आहे. मोखाडा तालुक्यातील मध्य वैतरणा धरण सुमारे १०२ मीटर उंच असून त्याचे पाणी मुंबईला जाते. जव्हारला लागून असलेल्या विक्रमगड तालुक्यात सूर्या नदीवरचे धामणी धरण आहे. तेथले पाणी वसई-विरारला पोहोचते. आणि उन्हाळा आला की मोखाड्याच्या पाड्यांवर टँकरची वाट पाहिली जाते. डोंगरावर बाया-बापड्या हंडे घेऊन दरी उतरतात.

दोन राज्यांचे वैर केव्हाच संपले. आता दोन्ही बाजूंना एकाच संविधानाचे नागरिक राहतात. त्यामुळे प्रश्न कोणता किल्ला मोठा होता, हा नाही. ज्या डोंगरातून पाणी खाली जाते, त्या डोंगराला आधी पिण्यापुरते पाणी, दवाखाना आणि शाळा मिळाली पाहिजे. याला उपकार म्हणत नाहीत, हक्क म्हणतात. जव्हारला धबधबा आणि राजवाडा पाहायला जाणाऱ्यांनी वाटेतले हे हंडेही मोजावेत, असे आम्हाला वाटते.