एका गिरणीचे कुलूप आणि राज्यघटनेची दुरुस्ती : सोलापूर, १९४९ ते १९५५

१/
सोलापूरच्या इतिहासाचा विषय निघाला की १९३० चा मार्शल लॉ आणि चार हुतात्मे आठवतात, आणि ते योग्यच आहे. परंतु या शहरातील आणखी एका घटनेचा ठसा थेट भारताच्या राज्यघटनेत उमटला आहे, हे फारसे कोणाला ठाऊक नसते. ती घटना म्हणजे एका गिरणीला लागलेले कुलूप.

२/
गिरणी होती सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनीची. सोलापूरकर तिला 'जुनी गिरणी' म्हणतात. 'गिरणी बंद पडली आणि त्यामुळे घटना बदलली' असे एका वाक्यात सांगता येईल. परंतु त्या 'त्यामुळे' या शब्दात साडेपाच वर्षे आणि अनेक माणसांचे निर्णय दडलेले आहेत. आजचा धागा त्या एका शब्दाविषयी आहे.

३/
आरंभी एक छोटा सराव. कंपनीची स्थापना १८७४ ची. प्रवर्तक मुंबईचे उद्योगपती मोरारजी गोकुळदास. गिरणी चालू झाली १८७७ मध्ये. त्याच सुमारास, १८७६ ते १८७८ या काळात, दख्खनमध्ये भीषण दुष्काळ पडला. मग 'दुष्काळामुळे गिरणी निघाली' असे म्हणता येईल काय?

४/
येणार नाही. कंपनी दुष्काळाच्या आधीची आहे. कापसाचा प्रदेश, विणकामाची जुनी परंपरा आणि १८६० मध्ये येऊन पोहोचलेली रेल्वे ही गिरणीमागची कारणे. दुष्काळाने खेड्यांतील माणसे उठवली आणि गिरणीच्या दाराशी मजूर आणून उभे केले. गिरणी का निघाली आणि तिला कामगार कोठून मिळाले, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. एकाचे उत्तर दुसऱ्याला चिकटवले की इतिहास बिघडतो.

५/
आता १९४९. कंपनी आर्थिक अडचणीत सापडली. २७ जुलै रोजी संचालकांनी गिरणी बंद करण्याची नोटीस लावली आणि २७ ऑगस्टला गिरणी खरोखरच बंद झाली. ज्या शहराचा दिवस गिरणीच्या भोंग्यावर उगवत होता, तेथे भोंगा थांबणे म्हणजे केवळ कामगाराचा पगार थांबणे नव्हे. किराणा दुकानदाराची उधारी, खाणावळीचा महिना, घरमालकाचे भाडे, सावकाराचा हप्ता, सारेच अडते.

६/
कापड ही त्या काळी जीवनावश्यक वस्तू होती. तिच्या पुरवठ्यासंबंधीच्या १९४६ च्या कायद्याचा आधार घेऊन केंद्र सरकारने ऑक्टोबरमध्ये गिरणीवर एक नियंत्रक नेमला. त्याचे निदान साधे होते : गिरणी चालवायची तर खेळते भांडवल हवे. ते आणायचे कोठून?

७/
येथे थोडे हिशेबात शिरावे लागेल. कंपनीचे ३२,००० अग्रहक्क भाग होते, म्हणजे प्रेफरन्स शेअर. प्रत्येक भाग १०० रुपयांचा. परंतु भागधारकांनी त्यावर ५० रुपयेच भरले होते. उरलेले ५० कंपनी केव्हाही मागू शकत होती. ३२,००० गुणिले ५० म्हणजे १६ लाख रुपये. नियंत्रकाने संचालकांना ही रक्कम मागवण्यास सांगितले.

८/
संचालकांनी नकार दिला. अशी मागणी कंपनीच्या वा भागधारकांच्या हिताची नाही, असे त्यांचे म्हणणे होते. माझ्या मते साऱ्या प्रकरणाची गाठ या नकारात आहे. गिरणी बंद पडली तेव्हा कथा सोलापूरची होती. संचालक 'नाही' म्हणाले आणि ती दिल्लीची झाली.

९/
९ जानेवारी १९५० रोजी वटहुकूम निघाला. गैरव्यवस्थेमुळे अत्यावश्यक वस्तूच्या उत्पादनाला धक्का बसला आणि गंभीर बेकारी निर्माण झाली, असे कारण देऊन सरकारने गिरणीचा कारभार आपल्या हाती घेतला. जुने संचालक गेले, सरकारनियुक्त संचालक आले. सतराच दिवसांनी, २६ जानेवारीला, राज्यघटना अमलात आली. एप्रिलमध्ये वटहुकुमाचा कायदा झाला : संसदेचा संपूर्ण कायदा, एकाच कंपनीसाठी!

१०/
मोजकेच भाग असलेले एक भागधारक, चिरंजीतलाल चौधरी, सर्वोच्च न्यायालयात गेले. एकाच कंपनीला वेगळे काढणे म्हणजे समानतेचा भंग, आणि कारभार काढून घेणे म्हणजे मालमत्तेच्या हक्काचा भंग, असा त्यांचा दावा होता. ४ डिसेंबर १९५० रोजी तीन विरुद्ध दोन मतांनी ते हरले. बहुमताचा आशय असा : कंपनी वेगळी, भागधारक वेगळा, तुमचे भाग तर अजून तुमच्याकडेच आहेत.

११/
मात्र दरम्यान नव्या संचालकांनी, जुन्यांनी जे नाकारले होते तेच केले. त्यांनी अग्रहक्क भागांवरील उरलेले ५० रुपये मागितले. द्वारकादास श्रीनिवास या भागधारकाच्या वाट्याला १,६२,००० रुपयांची मागणी आली. मुंबई उच्च न्यायालयात ते हरले. सर्वोच्च न्यायालयात, १८ डिसेंबर १९५३ रोजी, जिंकले.

१२/
तीन वर्षांत निकाल उलटा कसा लागला? आता न्यायालयापुढे असा माणूस उभा होता की ज्याच्या खिशाला प्रत्यक्ष झळ लागणार होती. न्यायालयाने बाह्य रूपाऐवजी वस्तुस्थिती पाहिली. मालकी कागदावर कंपनीची असली, तरी कारभार, ताबा, नियंत्रण, सारे सरकारकडे गेले होते. हे मालमत्ता हिरावून घेणेच आहे आणि भरपाईवाचून ते करता येणार नाही, असे ठरले. ज्या पैशाने गिरणी वाचवायची होती, त्याच पैशाच्या मागणीने कायदा पाडला.

१३/
सरकारपुढे नवा पेच पडला : बंद पडलेला कारखाना कामगारांसाठी चालवायला घ्यायचा, तर आधी मालकांना भरपाई द्यायची काय? २७ एप्रिल १९५५ रोजी अमलात आलेल्या चौथ्या घटनादुरुस्तीत याचे उत्तर आहे. अनुच्छेद ३१-क मध्ये नवी तरतूद आली : सार्वजनिक हितासाठी वा योग्य व्यवस्थापनासाठी सरकारने मालमत्तेचा कारभार मर्यादित काळापुरता हाती घेतला, तर त्या कायद्याला संरक्षण मिळेल. पुढे १९७८ च्या ४४ व्या दुरुस्तीने मालमत्तेचा मूलभूत हक्कच काढला. पण ही ओळ आजही घटनेत आहे.

१४/
येथे एक सावधगिरी. चौथी दुरुस्ती केवळ सोलापूरमुळे झाली, असे म्हणणे म्हणजे गावाचा अभिमान इतिहासावर लादणे होय. बंगालमधील बेला बॅनर्जी आणि सुबोध गोपाल या खटल्यांचे निकालही तिच्यामागे होते. भरपाई पुरेशी आहे की नाही हा वाद प्रामुख्याने बेला बॅनर्जी खटल्याचा. कारभार ताब्यात घेण्याचा प्रश्न सोलापूरचा. एका परिणामाची कारणे अनेक असतात. त्यातील आपला वाटा नेमका मोजावा, फुगवू नये.

१५/
आणि कामगार? भागधारकाला ५० रुपयांचा प्रश्न घेऊन न्यायालयात जाता आले. ज्याची मजुरी बुडाली, त्याचे नाव मात्र या दोन्ही खटल्यांच्या शीर्षकात नाही. तो कायद्याच्या प्रस्तावनेत 'बेकारी' या शब्दापुरता येतो. द्वारकादासांची तक्रार खोटी नव्हती. न मागितलेल्या संकटाचा खर्च त्यांनी का सोसावा? पण मग तो कोणी सोसायचा? हा प्रश्न त्या निकालाने सुटला नाही.

१६/
घटनेत दुरुस्ती झाली, पण जुनी गिरणी तगली नाही. पुढे ती कायमची बंद पडली. नंतरच्या दशकांत शहरातील इतर मोठ्या गिरण्याही थांबत गेल्या. अनेक घरांचा संसार यंत्रमागावर आणि बायकांनी वळलेल्या विड्यांवर आला. कायद्याने कारभार ताब्यात घेता येतो. बाजार घेता येत नाही.

१७/
म्हणून इतिहास वाचताना 'त्यामुळे' हा शब्द आला की थोडे थांबावे. कोणी नकार दिला, कोणी मागणी केली, कोण न्यायालयात गेला आणि कोणाला जाता आले नाही, हे विचारावे. घरातला नफातोटा असो वा देशाची घटना, कारण आणि परिणाम यांच्या मधल्या जागेत नेहमी माणसेच उभी असतात.

धागा समाप्त. तुमच्या घरात कोणी जुन्या गिरणीत कामाला होते काय? असल्यास त्यांच्या आठवणी आजच लिहून ठेवा.