कूळ, नाव आणि आयुष्य : परसबागेतील झाडांची ओळख

देवगाव फाटा (ता. सेलू, जि. परभणी) : मराठवाड्यातील अनेक घरांच्या दाराशी जास्वंद असते, परसात भेंडी-अंबाडीचे दोन वाफे असतात आणि कुंपणापलीकडे कापसाचे शेत सुरू होते. जास्वंद, भेंडी, अंबाडी आणि कापूस ही चारही झाडे एकाच कुळातील आहेत, ही गोष्ट मात्र सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. देवगाव फाट्यासारख्या कापूसपट्ट्यातील गावात हे नाते केवळ पाठ्यपुस्तकापुरते नाही. झाडाचे नेमके नाव काय, त्याचे कूळ कोणते आणि आयुष्य किती, या तीन प्रश्नांच्या उत्तरांवर बियाण्याची निवड, फवारणीचा खर्च आणि प्रसंगी माणसाचे आरोग्यही अवलंबून असते.

नावांचा घोळ

लोकभाषेतील नावे गोड असतात, पण ती नेमकी नसतात. दसऱ्याला 'सोने' म्हणून द्यावयाची ती आपट्याची पाने. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी कांचनाची पाने तोडून विकली जातात. दोन्हींचे पान मधोमध दुभंगलेले असल्याने फसगत होते. आपट्याचे पान लहान, जाड आणि लांबीपेक्षा रुंद, तर कांचनाचे पान मोठे. आपट्याची फुले बारीक व फिकट, कांचनाची ठसठशीत गुलाबी-जांभळी. 'शंखपुष्पी' या एकाच नावाने तर देशाच्या वेगवेगळ्या भागांत निरनिराळ्या वनस्पती ओळखल्या जातात आणि त्यांत आपली गोकर्णही येते.

हा घोळ नेहमीच निरुपद्रवी असतो असे नाही. करोनाच्या काळात घरोघरी गुळवेलीचा काढा घेतला जात होता. सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या काळात यकृताला इजा झालेले आणि गुळवेलीचे सेवन केलेले सहा रुग्ण मुंबईतील डॉक्टरांना आढळले व त्यांचा अहवाल २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. आयुष मंत्रालयाने त्यातील निष्कर्षांवर आक्षेप घेतला. रुग्णांनी घेतलेली वनस्पती कोणती, याची खातरजमा झाली नव्हती, हा त्यातील मुख्य मुद्दा होता. फेब्रुवारी २०२२ मध्ये मंत्रालयाने स्पष्टीकरण दिले, की औषधी गुळवेल म्हणजे 'टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया'. तिच्यासारखी दिसणारी 'टिनोस्पोरा क्रिस्पा' अपायकारक ठरू शकते. या दुसऱ्या वेलीच्या खोडावर ठळक गाठी असतात. वाद डॉक्टर आणि मंत्रालय यांच्यातील असला, तरी त्याच्या मुळाशी प्रश्न होता तो झाडाच्या ओळखीचा.

दोन शब्दांचे नाव

ही अडचण दूर करण्यासाठी स्वीडनचे निसर्गशास्त्रज्ञ कार्ल लिनियस यांनी १७५३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या 'स्पिशीज प्लांटॅरम' या ग्रंथात प्रत्येक वनस्पतीला दोन शब्दांचे लॅटिन नाव दिले. आजही वनस्पतींच्या शास्त्रीय नावांचा आरंभ याच ग्रंथापासून मानला जातो. पहिला शब्द प्रजातीचा, म्हणजे आडनावासारखा. दुसरा त्या प्रजातीतील विशिष्ट जातीचा. आपटा हा 'बाऊहिनिया रेसिमोसा'. यातील 'बाऊहिनिया' हे नाव ज्याँ आणि गास्पार बाऊहिन या वनस्पतिशास्त्रज्ञ बंधूंच्या स्मरणार्थ आहे. एका पानाच्या दोन जुळ्या पाळ्या पाहून दोन भावांची आठवण व्हावी, हे सयुक्तिकच होय. तेरड्याच्या प्रजातीचे नाव 'इम्पेशन्स', म्हणजे अधीर. पिकलेल्या बोंडाला नुसता स्पर्श होताच ते फुटून बिया उधळते, हे ज्याने पाहिले आहे त्याला या नावाचा अर्थ सांगावा लागत नाही.

नवी माहिती हाती आली, की नावे बदलतातही. भेंडीला लिनियस यांनी जास्वंदीच्या 'हिबिस्कस' प्रजातीत घातले होते. पुढे १७९४ मध्ये ती 'अबेलमॉस्कस एस्क्युलेन्टस' झाली. या बदलाचे कारण कोणालाही परसात तपासता येईल. भेंडीच्या फुलाचा हिरवा संवर्त एका बाजूने फाटून पाकळ्यांबरोबर गळून पडतो. अंबाडीचा संवर्त मात्र बोंडाभोवती टिकून राहतो. लाल अंबाडीच्या ज्या आंबट लाल भागाचे सरबत करतात, तो हा संवर्तच.

याशिवाय माणसाने निवडून तयार केलेल्या वाणाला स्वतंत्र नाव असते. 'परभणी क्रांती' हे भेंडीच्या अशाच एका वाणाचे नाव. १९८० च्या दशकात परभणीच्या तत्कालीन मराठवाडा कृषी विद्यापीठात (२०१३ पासून वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ) तो विकसित झाला. 'पुसा सावनी' या वाणाचा याच प्रजातीतील 'अबेलमॉस्कस मॅनिहॉट' या दुसऱ्या जातीशी संकर करून, शिरा पिवळ्या पाडणाऱ्या विषाणूजन्य रोगाला तोंड देण्याची शक्ती भेंडीत आणण्यात आली. जवळचे नातलग कोण, हे ठाऊक होते म्हणूनच हे शक्य झाले.

वाटेवरचे फाटे

वर्गीकरणाची रीत रस्त्यावरील फाट्यांसारखी आहे. प्रत्येक फाट्यावर एक प्रश्न विचारावा आणि उत्तराप्रमाणे पुढे जावे. झाडाला फुले येतात की नाही? नेच्याला येत नाहीत; तो तेथेच वेगळा पडला. फुले येत असतील तर बी एकदल की द्विदल? ज्वारी, कांदा, निशिगंध यांची पाने समांतर शिरांची, ही एकदल. तूर, झेंडू, जास्वंद यांच्या पानांत शिरांचे जाळे; ही द्विदल. यापुढील फाटे फुलांच्या रचनेवरून फुटतात आणि त्या वाटेने आपण कुळापर्यंत पोचतो.

जास्वंदीच्या कुळाचे शास्त्रीय नाव 'माल्व्हेसी'. त्याची ठळक खूण म्हणजे पुंकेसर एकत्र जुळून झालेली, फुलाच्या मध्यातून वर येणारी नळी. जास्वंदीत ती लांब बाहेर डोकावते. भेंडी, अंबाडी व कापसाच्या फुलात आखूड असते, पण असतेच. गेल्या काही दशकांत जनुकांच्या अभ्यासावरून या कुळाचा विस्तार करण्यात आला असून काटेसावर आणि ताग यांचाही समावेश आता त्यातच होतो.

माणसाला हे नाते कळण्यापूर्वीच किडींना कळलेले असते. कापसावरील ठिपक्यांची बोंडअळी हीच भेंडीची शेंडे व फळे पोखरणारी अळी. तुडतुडे आणि पांढरी माशी दोन्ही पिकांवर येतात. पिठ्या ढेकूण कापसावर तसाच जास्वंदीवरही आढळतो. त्यामुळे अंगणातील जास्वंदीवर पांढरा कापूस पिंजल्यासारखे थर दिसू लागले, तर तो शेजारच्या शेतासाठीही इशारा समजावा. भेंडी कापसाभोवती सापळा पीक म्हणून लावतात, तीही याच नात्यामुळे. मात्र किडलेली फळे वेळेवर तोडून नष्ट केली नाहीत, तर सापळाच किडीचे घर होतो.

आयुष्याचे हिशेब

आयुष्यमानानुसार वनस्पतींचे तीन मुख्य गट पडतात. बी रुजण्यापासून नवे बी तयार होईपर्यंतचा प्रवास एकाच हंगामात किंवा वर्षात संपवणाऱ्या त्या वर्षायू. उदाहरणार्थ झेंडू, तेरडा, सूर्यफूल. फुले ओसरली की त्यांना खतपाणी घालून उपयोग नसतो, बी धरून ठेवावे. पहिल्या हंगामात अन्न साठवून दुसऱ्या हंगामात फुलणाऱ्या त्या द्विवर्षायू. कांदा, गाजर, कोबी या त्यातील. कांद्याला अवेळी डेंगळे येतात, तेव्हा हे चक्र वेळेआधी पुढे सरकलेले असते आणि गड्डा पोसला जात नाही. वर्षानुवर्षे जगणाऱ्या त्या बहुवर्षायू. जास्वंद, मोगरा, गुलाब यांची छाटणी केली की पुन्हा फुटवा येतो. केळीची तऱ्हा वेगळी आहे. ती झाड नसून प्रचंड वाढलेली औषधी वनस्पती आहे. एक खोड एकच घड देऊन संपते. आयुष्य पुढे चालते ते मुनव्यांतून.

कापूस वर्षायू मानला जातो, पण तो स्वभावतः बहुवर्षायू आहे. आपण त्याची शेती एका हंगामाची करतो एवढेच. वेचणी संपल्यावरही पऱ्हाटी उभी ठेवून पाणी दिले, तर ती पुन्हा पाते-बोंडे धरते, यालाच फरदड म्हणतात. अधिकच्या दोन वेचण्यांचा मोह त्यात असतो. परंतु गुलाबी बोंडअळीला हिरवी बोंडे मिळत राहतात आणि तिचे जीवनचक्र खंडित होत नाही. २०१७ च्या खरीप हंगामात या अळीने महाराष्ट्रातील कापसाचे मोठे नुकसान केले, तेव्हापासून फरदड घेऊ नये हे आवाहन दर हंगामात केले जाते. झाड जगू शकते म्हणून जगवणे, येथे नडते.

रोप आणताना

रोपवाटिकेतून रोप घेताना प्रचलित नावाबरोबर शास्त्रीय नाव व वाण विचारून लिहून घ्यावे. ते वर्षायू आहे की बहुवर्षायू, हे जाणून जागा ठरवावी. भाजीच्या एकाच वाफ्यात सलग एकाच कुळातील पिके घेऊ नयेत. भेंडीनंतर अंबाडी न लावता मेथी किंवा कांदा लावावा. आणि औषध म्हणून पोटात घ्यावयाची वनस्पती जाणकाराने ओळख पटवून दिल्याखेरीज, केवळ नावावर विसंबून कधीही घेऊ नये.