लिंबू, लेमन आणि लाइम : एका शब्दाची किंमत

ज्ञानाचा इतिहास सांगताना आपण बहुधा जिन्याची प्रतिमा मनाशी धरतो. एक पायरी चढली की ती कायमची पायाखाली आली, असे आपण गृहीत धरतो. लिंबू आणि स्कर्व्ही यांचा इतिहास या समजुतीला छेद देतो. स्कर्व्हीवरचा उपाय माणसाला सापडला, विसरला गेला, पुन्हा सापडला, राजमान्य झाला आणि त्यानंतरही हातातून निसटला. या निसटण्यात एका शब्दाच्या सैल वापराचा वाटा मोठा आहे. म्हणून हा विषय वैद्यकाइतकाच भाषेच्या अभ्यासकांचाही आहे.

स्कर्व्ही हा दीर्घ सागरी प्रवासाचा रोग. हिरड्या सुजून रक्त येते, दात हलू लागतात, जुन्या भरलेल्या जखमा उकलतात आणि शेवटी मृत्यू येतो. १७४० ते १७४४ या काळात जॉर्ज अ‍ॅन्सनच्या आरमारी मोहिमेत हजाराहून अधिक माणसे दगावली. त्यांतील फार थोडी शत्रूच्या हातून मेली. बहुतेकांचा बळी रोगराईने, विशेषतः स्कर्व्हीने घेतला. हे घडले तेव्हा उपाय अज्ञात होता असे मात्र नाही. १६०१ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या पहिल्याच सफरीत जेम्स लँकेस्टरने आपल्या जहाजावरील खलाशांना रोज सकाळी तीन चमचे लेमनचा रस दिला होता. त्याच्या ताफ्यातील इतर तीन जहाजांवरचे खलाशी आजाराने खचले, त्याचे मात्र तुलनेने धडधाकट राहिले. पण हा अनुभव व्यक्तीपुरता राहिला. त्याचा नियम झाला नाही.

नियमाच्या दिशेने पहिले पाऊल पडले ते मे १७४७ मध्ये. ‘सॅलिसबरी’ या युद्धनौकेवरील शल्यचिकित्सक जेम्स लिंड याने बारा रुग्णांच्या सहा जोड्या केल्या आणि प्रत्येक जोडीला वेगळा उपचार दिला. कुणाला सायडर, कुणाला सौम्य केलेले गंधकाम्ल, कुणाला व्हिनेगर, कुणाला समुद्राचे पाणी, कुणाला लसूण-मोहरी वगैरेंची चटणीसारखी गोळी, तर एका जोडीला रोज दोन संत्री आणि एक लेमन. फळे सहा दिवसांतच संपली, पण तोवर त्या जोडीतला एक जण कामावर रुजू होण्याइतका बरा झाला होता. वैद्यकातील तुलनात्मक प्रयोगाचा हा नमुना आज सर्वत्र सांगितला जातो. त्याचा उत्तरार्ध मात्र क्वचितच सांगतात. १७५३ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात लिंडने रस टिकवण्यासाठी तो तापवून, आटवून त्याचा पाक करण्याची शिफारस केली. ज्या घटकामुळे रस गुणकारी होता, तोच या कृतीत बराचसा नष्ट होत असे. शोध लावणाऱ्याच्याच हातून शोधाचे सत्त्व उडून गेले. पुढे गिल्बर्ट ब्लेन यांच्या आग्रहामुळे १७९५ मध्ये ब्रिटिश नौदलाने लेमनचा रस शिध्यात समाविष्ट केला आणि काही वर्षांतच स्कर्व्ही त्या आरमारातून जवळजवळ नाहीशी झाली.

कथा इथे संपायला हवी होती. पण त्या काळच्या कागदपत्रांत ‘लेमन ज्यूस’ आणि ‘लाइम ज्यूस’ हे शब्द एकमेकांच्या जागी सर्रास वापरले जात. प्रत्यक्षात येणारा रस होता भूमध्य सागरी प्रदेशातील, म्हणजे सिसिली-माल्टाकडील पिवळ्या लेमनचा. तोवर शब्दांच्या या गोंधळाने काही बिघडले नव्हते. एकोणिसाव्या शतकाच्या सातव्या दशकात नौदलाने लेमन सोडून वेस्ट इंडीजमधील ब्रिटिश मळ्यांतले लाइम घ्यायला सुरुवात केली. फळ बदलले, शब्द तोच राहिला. त्या काळच्या वैद्यांच्या मते गुण आंबटपणात होता आणि लाइम तर अधिकच आंबट. मग हरकत घेणार कोण?

हरकत समुद्रानेही घेतली नाही. वाफेच्या जहाजांमुळे प्रवास आखूड झाले होते. बंदरोबंदरी ताजे अन्न मिळत होते. निरुपयोगी औषधाचे पितळ उघडे पडण्याची संधीच उरली नव्हती. ती आली ध्रुवप्रदेशात. १८७५-७६ च्या नेअर्स यांच्या आर्क्टिक मोहिमेत जहाजावर लाइमचा रस असूनही स्कर्व्ही उद्भवली. घसरगाड्यांच्या तुकड्यांनी तो रस सोबत नेला नव्हता, यावर चौकशीत बोट ठेवले गेले. पण रस घेऊनही रोग होतो, असे अनुभव साचत गेले. त्यातून निष्कर्ष निघाला तो उलटाच : रसाचा आणि रोगाचा संबंध नसावा, रोग दूषित मांसातील विषामुळे होत असावा. शंभर वर्षांपूर्वी सिद्ध झालेली गोष्ट पुन्हा संशयास्पद ठरली.

या प्रश्नाची धग पहिल्या महायुद्धात भारतीय सैनिकांना लागली. मेसोपोटेमियात १९१६ साली हजारो भारतीय शिपायांना स्कर्व्ही झाली. डिसेंबर १९१५ ते एप्रिल १९१६ या काळात कूट येथे वेढ्यात अडकलेल्या सहाव्या (पुणे) डिव्हिजनमध्ये मराठा पलटणीही होत्या. उपासमारीत गोऱ्या सैनिकांनी घोड्याचे मांस खाल्ले. भारतीय सैनिकांनी धर्मभावनेमुळे ते दीर्घकाळ नाकारले आणि स्कर्व्ही प्रामुख्याने त्यांच्यात पसरली. लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमध्ये हॅरिएट चिक, मार्गारेट ह्यूम आणि रूथ स्केल्टन यांनी गिनीपिगांवर प्रयोग करून १९१८ मध्ये दाखवले की ताज्या लाइमच्या रसाची शक्ती ताज्या लेमनच्या सुमारे एक चतुर्थांशच असते आणि साठवलेल्या लाइमच्या रसात ती जवळजवळ उरतच नाही. प्रयोगाला जोड मिळाली ती दप्तरांच्या वाचनाची. अ‍ॅलिस हेंडरसन स्मिथ यांनी जुने कागद तपासून दाखवून दिले की ज्या ‘लाइम ज्यूस’ने नौदल वाचवले, तो मुळात लेमनचा रस होता. शब्दाचा अर्थ काळानुसार तपासण्याचे हे काम आपण ज्याला पाठचिकित्सा म्हणतो, त्याहून वेगळे नाही.

याच संशोधिकांनी चिंच, कोकम आणि आमचूर यांचीही परीक्षा घेतली. वाळवलेल्या फळांना ताज्या रसाची सर नाही, असे आढळले. सैन्याच्या शिध्यासाठी त्यांनी मोड आलेल्या कडधान्यांचा पुरस्कार केला. आपल्या स्वयंपाकघरातली मोडाची उसळ अशी युद्धशास्त्राच्या चर्चेत जाऊन बसली! पुढे १९३२ पर्यंत हा घटक ‘क’ जीवनसत्त्व म्हणून निश्चित झाला आणि सेंट-ज्यॉर्जी यांना १९३७ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

आता आपल्या शब्दाकडे वळू. शब्दकोशांत आणि पाठ्यपुस्तकांत ‘लेमन’चा प्रतिशब्द ‘लिंबू’ असाच आढळतो. परंतु मंडईतून आपण आणतो ते कागदी लिंबू वनस्पतिशास्त्राच्या हिशेबाने लाइम आहे, नौदलाने वेस्ट इंडीजमधून घेतले त्याच जातीचे. म्हणून ते निरुपयोगी ठरत नाही. दगा दिला तो साठवणीने. हवा, उष्णता आणि तांब्याचा स्पर्श यांनी ‘क’ जीवनसत्त्व नष्ट होते. आमटी किंवा पोहे चुलीवरून उतरवल्यावर वरून लिंबू पिळण्याची आपल्याकडची रीत या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. ती कुणी प्रयोगशाळेत सिद्ध करून घालून दिलेली नाही, चवीने घालून दिली. तरीही लिंडच्या आटवलेल्या पाकापेक्षा ती अधिक शहाणी ठरते.

या इतिहासाचा धडा केवळ आहाराचा नाही. ज्ञान ग्रंथात नोंदले गेले म्हणजे सुरक्षित झाले, असे होत नाही. ते ज्या शब्दांत साठवले, त्या शब्दांचे बोट वस्तूवरून सरकले की ग्रंथ तसाच राहतो आणि ज्ञान निघून जाते. जुना मजकूर वाचताना ‘हा शब्द त्या काळी नेमका कशाला लावत होते?’ हा प्रश्न आपण वर्गात विचारतो, तेव्हा तो विद्यार्थ्यांना पुष्कळदा काथ्याकूट वाटतो. त्यांना लाइम ज्यूसची ही गोष्ट अवश्य सांगावी.