शरपंजरीवरचं फूल

इकेबानाच्या, म्हणजे जपानी पुष्परचनेच्या, कुठल्याही प्रात्यक्षिकाला जा, पहिलंच वाक्य ठरलेलं असतं: या कलेला हजार-पंधराशे वर्षांची परंपरा आहे. यात अर्धं खरं आहे. देवळात रचलेल्या फुलांचं कूळ तेवढं जुनं आहेच. पण नवी मुंबईत, बोनकोड्यातल्या एखाद्या रो-हाउसमध्ये, चपलांच्या कपाटावर, उथळ तबकात एक वाकडी फांदी आणि दोन जरबेरा उभे असतात, त्या रचनेचं वय आपल्या बोरीबंदर-ठाणे रेल्वेपेक्षा कमी आहे. रेल्वे १८५३ची. ही रचना १८९५च्या आसपासची आणि तिला उभं धरणारा ठोकळा त्याच्याही मागून आलेला.

आधी या ठोकळ्याकडेच बघू, कारण घरातलं इकेबाना त्याच्याच जिवावर उभं आहे. खाली शिशाच्या मिश्रधातूचा जड तळ आणि वर दाटीवाटीने रोवलेले टोकदार पितळी काटे. तळहातावर सहज मावतो, पण उचलला की हात खाली जातो. जपानीत त्याला केन्झान म्हणतात. आपल्याकडे शिकणाऱ्या बायका सरळ 'पिनहोल्डर' म्हणून मोकळ्या होतात. पहिल्यांदा पाहणाऱ्याला भीष्माची शरपंजरी आठवते. फरक इतकाच, की भीष्म तिच्यावर आडवा पडला होता, इथे फुलाला उभं राहायचं असतं.

ठोकळ्याच्या आधी काय होतं, ते बघायला क्योटोला जावं लागतं. सहाव्या शतकाच्या मध्यावर बौद्ध धर्म जपानात पोहोचला तो आपली पूजा घेऊनच: धूप, दीप आणि पुष्प. क्योटोच्या रोक्काकुदो या षट्कोनी देवळातले पुजारी तळ्याकाठच्या खोल्यांत राहत, म्हणून त्यांचं घराणं इकेनोबो. बुद्धापुढे फुलं मांडणं हे त्यांचं काम. या देवळातली मुख्य देवता कान्नोन, म्हणजे आपला अवलोकितेश्वर. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात हातात कमळ घेऊन उभा असलेला पद्मपाणी तो हाच. बोनकोड्यातून तर अजिंठ्यापर्यंत जायचीही गरज नाही. खाडीपलीकडे जी डोंगररांग दिसते तिच्या आत कान्हेरी आहे आणि तिथल्या ४१ क्रमांकाच्या लेण्यात त्याची अकरा मुखांची मूर्ती कोरलेली आहे. म्हणजे जपानी फुलांचं कुलदैवत आपल्या शेजारचंच निघालं.

म्हणून 'इकेबाना मूळचं आपलंच' अशी बढाई मारायला कुणी सरसावू नये. आपण काय करतो? फूल खुडतो, देठ टाकून देतो, उरलेलं गुंफतो किंवा पायावर वाहतो. दुसऱ्या दिवशी निर्माल्य. सांची-अमरावतीच्या शिल्पांतल्या पूर्णघटातून कमळं देठांसकट वर आलेली दिसतात, तेव्हा देठ आपल्याला ठाऊक नव्हता असं नाही. पण घरच्या पूजेत तो टिकला नाही. टिकला तो फक्त कलशावरचा आंब्याचा टहाळा. जपान्यांनी उलट केलं. त्यांनी देठ ठेवला, फांदी ठेवली, तिचा बाक ठेवला, आणि फूल मात्र कमीत कमी ठेवलं.

क्योटोच्या एका भिक्षूच्या रोजनिशीत १४६२ सालची नोंद आहे. सेन्केई नावाच्या इकेनोबो पुजाऱ्याने एका सरदाराकडे सोन्याच्या भांड्यात पानंफुलं रचली आणि ती बघायला शहरातल्या शौकिनांची रीघ लागली. फुलं देवापुढून उठून माणसांच्या बैठकीत आल्याची ही पहिली ठळक खूण. पुढच्या दोनशे वर्षांत हे प्रकरण चांगलंच फोफावलं. 'रिक्का' नावाच्या शैलीत पाइनच्या फांद्यांचे माणसाएवढे उंच डोलारे उभे राहू लागले. त्या फांद्या भांड्यात उभ्या कशा राहत? भाताच्या पेंढ्यावर. वाळका पेंढा नीट साफ करून, त्याच्या जुड्या बांधून त्या भांड्यात ठासून बसवत आणि त्यांत फांद्या रोवत. बोनकोड्याच्या गावठाणातल्या जुन्या आगरी माणसाला ही युक्ती समजावून सांगावी लागणार नाही. १९७० साली सिडको आली त्याआधी ठाणे-बेलापूर पट्टा भातखाचरांचा आणि मिठागरांचा होता. पेंढ्याचा हरएक उपयोग इथल्या लोकांना माहीत होता. फुलं उभी करण्याचा तेवढा कुणाला सुचला नव्हता.

रिक्काच्या डामडौलाला कंटाळून चहाविधीवाल्यांनी, म्हणजे सोळाव्या शतकातल्या सेन नो रिक्यू आणि त्याच्या परंपरेने, अरुंद भांड्यात एखादंच फूल सहज टाकल्यासारखं ठेवायला सुरुवात केली. हे दिसतं सोपं, पण भांड्याच्या गळ्यात बेचक्याची काटकी अडकवून फांदी हव्या त्या कोनात धरून ठेवायची म्हणजे हातचलाखीच. ती यायला वर्षं लागत. शिवाय ही फुलं ठेवायची कुठे, तर दिवाणखान्यातल्या खास कोनाड्यात, तोकोनोमात. तो ज्याच्या घरात, त्याचीच ही चैन. आणि करणारे बहुतेक पुरुष: पुजारी, सामुराई, व्यापारी.

मग ओहारा उन्शिन आला. जन्म १८६१, मात्सुए गावचा. शिल्पकार व्हायचं होतं, पण प्रकृतीने साथ दिली नाही आणि ओसाकात तो फुलांकडे वळला. शिक्षण इकेनोबोचंच. त्याच्यासमोर एक नवीनच अडचण उभी होती. जपानची बंदरं उघडली होती आणि परदेशी फुलं बाजारात येऊ लागली होती. आखूड दांड्याची, भडक रंगाची ही फुलं जुन्या उंच भांड्यांच्या शिस्तीत बसेनात. उन्शिनने भांडंच बदललं. उथळ, पसरट तबक घेतलं, त्यात पाण्याचा आरसा दिसू दिला आणि फुलं उंचीऐवजी पसाऱ्यात मांडली. या शैलीला मोरिबाना म्हणतात. याच दशकात, १८९३ साली, जमशेटजी टाटा आणि निप्पोन युसेन कैशा यांनी मिळून मुंबई-कोबे बोटसेवा सुरू केली होती आणि ओसाकाच्या गिरण्यांसाठी मुंबईच्या कापसाच्या गासड्या जवळच्याच कोबे बंदरात उतरत होत्या. उन्शिनने त्या पाहिल्या असतील-नसतील. पण ज्या उघड्या बंदरांनी त्याला नवी फुलं दिली, त्यांच्याशी मुंबईचंही सूत जुळलेलं होतं एवढं खरं.

उथळ तबकाची पंचाईत अशी, की त्यात पेंढा लपत नाही आणि बेचकं अडकवायला गळाच नसतो. त्यापोटी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला काट्यांचा ठोकळा रुळला. माझ्या मते इकेबानाच्या इतिहासातली खरी क्रांती ती हीच, शैलींची भांडणं नव्हेत. वर्षांची हातचलाखी एका धातूच्या तुकड्यात बसली. कोनाडा नको, सोन्याचं भांडं नको, गुरूच्या घरी राबणं नको. मेइजी काळापासून मुलींच्या शाळांत हा विषय शिकवला जात होताच. मोरिबाना आणि केन्झान आल्यावर तो मध्यमवर्गीय घरांत शिरला आणि पुरुषांची कला बघता बघता बायकांची झाली. १९२७ साली सोफू तेशिगाहारा याने सोगेत्सु शाळा काढली आणि कुठेही, कुणीही, कशाचीही रचना करावी असं सांगून उरलीसुरली सोवळीओवळी मोडली. युद्धानंतर अमेरिकी अधिकाऱ्यांच्या बायका टोकियोत हे शिकल्या. त्यांतल्याच एलेन गॉर्डन अॅलन यांनी १९५६ साली 'इकेबाना इंटरनॅशनल' स्थापन केली आणि वकिलातींच्या वर्तुळातून ही कला जगभर पसरली. आपल्याकडे ती उच्चभ्रू क्लबांतून पुष्पप्रदर्शनांत आली. पुण्याच्या एम्प्रेस गार्डनच्या प्रदर्शनात बोन्सायच्या शेजारी जपानी रचना बघायला लोक थबकतात.

तरी ती आपल्या घरात यायला आणखी एक गोष्ट आड येत होती: बाजार. दादरच्या फुलबाजारात शेवंती, झेंडू, अबोली वजनावर मिळते, तीही सुटी. दांडी टाकून दिलेली. त्या फुलाला पिनहोल्डरवर खोचायचं कसं? तळेगाव-मावळात हरितगृहं उभी राहिली, गुलाब, जरबेरा, कार्नेशन दांड्यांसकट जुड्यांनी येऊ लागले, तेव्हा कुठे कोपरखैरण्याच्या नाक्यावरच्या फुलवाल्याकडेही लांब दांडीचं फूल दिसायला लागलं. ओसाकात जे झालं तेच इथे शंभर वर्षांनी झालं म्हणा ना.

आता प्रत्यक्ष रचना. सोगेत्सुची पहिली पायरी घेऊ, कारण ती मापात आहे. तबकाची रुंदी आणि खोली यांची बेरीज करायची आणि तिची दीडपट ही मुख्य फांदीची लांबी. तबक २४ सेंटिमीटर रुंद, ६ खोल. बेरीज ३०, फांदी ४५ सेंटिमीटर. दुसरी तिच्या पाऊणपट, म्हणजे ३४च्या आसपास. तिसरी दुसरीच्या पाऊणपट, साधारण २५. पहिली उभ्या रेषेपासून १५ अंश कलती, दुसरी ४५, तिसरी ७५, जवळजवळ आडवी. बाकीची फुलं या तिघींच्या मधे भरीला. फांदी तिरकी कापायची, आधी सरळ खाली दाबून काट्यांत बसवायची आणि मगच कलवायची. पहिल्यापासून तिरकी खोचली तर ती हमखास निसटते. नाजूक फुलाची दांडी मात्र आडवी, सपाट कापायची. आणि कापायचं पाण्याखाली, म्हणजे दांडीत हवा शिरून पाण्याची वाट अडत नाही.

मुख्य फांदीसाठी पाइन शोधत बसू नका. पौष-माघात देवचाफा निष्पर्ण होतो आणि त्याच्या जाडसर, कोपरासारख्या वळलेल्या फांद्यांइतकी देखणी रेघ आपल्या हवेत दुसरी मिळत नाही. कापल्यावर चीक थांबेपर्यंत फांदी पाण्यात धरावी आणि हात धुवावेत. सोबतीला कर्दळीचं पान, क्रोटन, कुंडीतला नेचा. अळूचं पान दिसतं छान, पण लगेच मान टाकतं. खाडीकाठच्या तिवरांना हात लावायचा नाही, तो कायद्याने गुन्हा आहे. मांडववाले वापरतात तो हिरवा स्पंजही टाळावा. तो प्लास्टिकच्या जातीचा, कुजत नाही, आणि २०१८ साली थर्माकोलवर बंदी घातलेल्या राज्यात मखरांच्या आडून तो बिनबोभाट चालतो हे काही बरं नाही. केन्झान एकदा घेतला की पिढी काढतो. काटा वाकला तर पोकळ नळीने सरळ करता येतो.

उथळ पाण्याची एक खास नवी मुंबईची बाजू आहे. दमट हवेत ते लवकर गढूळतं आणि डासांना ते आवडतं. महापालिकेचे हिवताप विभागाचे कर्मचारी फ्रिजमागचं पाणी, कुंडीखालची थाळी तपासतात, तेव्हा तुमच्या तबकाला कला म्हणून सवलत मिळेल अशी आशा धरू नये. रोज पाणी बदला, फुलंही जास्त टिकतात.

राहता राहिला घरातला वाद, जो कुठल्याच जपानी पुस्तकात सोडवलेला नाही. दारातल्या जास्वंदीवर पहिला हक्क कुणाचा? सासूबाईंच्या मते गणपतीचा, आणि चतुर्थीला तर त्यावर चर्चाही नको. मला त्यांचं पटतं. जास्वंद पाण्यात ठेवा की बाहेर, एका दिवसापलीकडे ती टिकत नाही. तिच्यावर पिनहोल्डर वाया घालवण्यात अर्थ नाही. पानांची फांदी मात्र त्या बिनतक्रार देतात.