काळी वाळू, पांढरे आभाळ

रत्नागिरीच्या किनाऱ्यावरील छायाचित्रणाचा हंगाम आधी पावसाने ठरवला. मोसमी वाऱ्यांच्या दिवसांत मुंबईच्या आगबोटी बंद असत आणि पावसाळा सरून समुद्र निवळला की पुन्हा सुरू होत. घाट उतरून बैलगाडीने येणे त्याहून जिकिरीचे, त्यात सामान काचेचे. बाहेरून कॅमेरा आणायचा तर तो पावसाळ्यानंतरच, सुक्या दिवसांत आणणे शहाणपणाचे होते. या दिवसांतला उजेडही सोयीचा असतो. डिसेंबरच्या उत्तरार्धात इथला सूर्य ठीक पश्चिमेला मावळत नाही, सुमारे २५ अंश दक्षिणेला सरकलेला असतो. मांडवीच्या किनाऱ्यावरून रत्नदुर्गाकडे पाहणाऱ्याला तो डावीकडून मिळतो. तिरप्या उन्हात कड्याच्या घड्या उठून दिसतात, तर जूनमध्ये हाच सूर्य किल्ल्याच्या बाजूला येतो आणि किल्ल्याची नुसती काळी आकृती उरते.

छायाचित्रणाची कृती पॅरिसमध्ये १८३९ साली जाहीर झाली. पश्चिम भारतात तिला संस्थेचा आधार मिळाला तो १८५४ मध्ये, फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे स्थापन झाल्यावर. डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू नारायण दाजी या संस्थेत होते. हे घराणे मूळचे पेडण्याकडील मांद्र्याचे, म्हणजे याच किनारपट्टीच्या दक्षिणेकडचे. पुढच्याच वर्षी एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचा वर्ग निघाला. पुढे नावाजलेले हरिश्चंद्र चिंतामण हे त्याच वर्गाचे विद्यार्थी. नवशिक्यांना पद्धतशीर शिकवण्याच्या आपल्याकडच्या सुरुवातीच्या प्रयत्नांपैकी हा एक.

त्या काळचे तंत्र ओल्या काचेचे होते. काचेवर कलोडियन ओतायचे, ती चांदीच्या क्षाराच्या द्रावणात बुडवायची आणि ओली आहे तोवर, म्हणजे दहा-पंधरा मिनिटांत, चित्र घेऊन धुऊनही टाकायचे. अंधारा तंबू त्यामुळे कॅमेऱ्याच्या शेजारीच लागे. किनाऱ्यावर वाऱ्याने उडणारी वाळू ओल्या काचेला चिकटे, ही अडचण वेगळीच. पण खरी अडचण काचेच्या नजरेत होती. तिला निळा रंग फार लवकर दिसे. तांबडा आणि हिरवा जवळजवळ दिसतच नसे. कोकणासाठी याहून गैरसोयीची काच शोधूनही सापडली नसती. जांभ्याचा तांबडा कातळ, लाल माती, माडांची हिरवी राई हे सारे काळेकुट्ट उतरे आणि त्यावर आभाळ कोऱ्या कागदासारखे पांढरे. ढग तर पुसूनच जात.

यावर उपाय निघाला तो फ्रान्समध्ये. गुस्ताव्ह ल ग्रे याने १८५६-५७ च्या सुमारास समुद्राची चित्रे घेताना काही वेळा पाण्यासाठी एक काच आणि आभाळासाठी दुसरी काच वापरली आणि छापताना क्षितिजाच्या रेषेवर दोन्ही जुळवल्या. समुद्राच्या चित्रातच हे साधणे सोपे, कारण तिथे क्षितिज सरळ असते. माडांच्या झावळ्यांतून अशी जोड लपवणे महाकठीण. काही छायाचित्रकार ढगांच्या काचा जपून ठेवत आणि एकच ढग निरनिराळ्या गावांवर आणून बसवत. चित्र घेऊन झाल्यावर त्यात हात घालणे ही संगणकाने लावलेली सवय आहे, असे मानणाऱ्यांनी या काचा आठवाव्यात.

रिचर्ड मॅडॉक्सने १८७१ मध्ये सुचवलेल्या जिलेटिनच्या कोरड्या काचांनी तंबू सुटला. काच घरून तयार नेता येऊ लागली आणि महिन्याभराने धुतली तरी चाले. मात्र जिलेटिन उष्णतेने मऊ पडते आणि दमट हवेत त्यावर बुरशी धरते. कोकणात दोन्हींना तोटा नाही. तुरटीच्या पाण्याने थर टणक करणे, फोटो धुण्यासाठी रात्रीचा गारवा गाठणे हे उपाय तेव्हापासूनचे. हिवाळा इथेही कामी आला. त्याच सुमारास, १८७३ मध्ये, हर्मान फोगेलने रंगद्रव्य मिसळून काचेला हिरवा रंग दाखवण्याची युक्ती शोधली आणि १९०६ पासून तांबड्यासकट सगळे रंग ओळखणाऱ्या काचा बाजारात आल्या. भिंगापुढे पिवळी काच लावली की निळे आभाळ किंचित गडद होऊन ढग आपोआप उमटू लागले. जांभ्याला काळेपणातून बाहेर यायला अशी पन्नासेक वर्षे लागली.

त्यानंतरच्या काळात बदलले ते मुख्यतः कोण फोटो काढतो हे. रोल फिल्मने कॅमेरा हौशी माणसाच्या हाती दिला. अग्फा क्लिक थ्रीमध्ये एका रोलवर बारा चौकोनी फोटो निघत आणि उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सची ‘इंदू’ फिल्म देशातच तयार होऊ लागली. बाराच फोटो असल्याने माणूस आधी पाहत असे, मग खटका दाबत असे. रंगीत फिल्म आली तेव्हा मात्र डार्करूममधला हात सुटला. लॅबचे यंत्र सगळ्या चित्राची सरासरी काढून छापी, आणि भाट्याच्या समुद्रावरचा केशरी सूर्यास्त पिवळट-राखी होऊन परत येई. छायाचित्रकाराला आपल्याच चित्राबद्दल सर्वांत कमी बोलता आले, तो काळ बहुधा हाच.

तो अधिकार डिजिटल तंत्राने परत दिला. फोटोशॉप १९९० मध्ये आले, लाइटरूम २००७ मध्ये. मधल्या काळात, १९९८ साली, कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली आणि बाहेरून कॅमेरा घेऊन येणे सोपे झाले. अडचणी मात्र जुन्याच राहिल्या. कॅमेऱ्यातला उजेडमापक समोरचे सगळे मध्यम करड्या छटेचे आहे असे गृहीत धरतो. मांडवीच्या बाजूचा काळा समुद्र इल्मेनाइटयुक्त वाळूमुळे काळा. तिथे उजेडमापक फसतो आणि वाळू फिकट करून टाकतो. मिऱ्याकडच्या पांढऱ्या समुद्रावर तोच कॅमेरा वाळू मळकट दाखवतो. पहिल्या ठिकाणी उजेड थोडा कमी करायचा, दुसऱ्या ठिकाणी वाढवायचा, हे नवशिक्याला एका सकाळीत कळते. जेपेग फाइलमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात, १४ बिटच्या रॉ फाइलमध्ये १६,३८४. त्यामुळे सावलीतला कातळ नंतर उजळायचा असेल तर रॉ उपयोगी पडते. आभाळासाठी एक आणि जमिनीसाठी एक असे दोन फोटो घेऊन संगणकावर जुळवणे ही तर ल ग्रेचीच रीत, फक्त काच गेली. तिरके क्षितिज आधी सरळ करावे, बाकीचे मग. रंग चढवण्याचा मोह हिवाळ्यात जास्त होतो, कारण कापणीनंतरचे सडे, म्हणजे जांभ्याची पठारे, पिवळट-तपकिरी असतात आणि पर्यटनाच्या जाहिरातींनी लोकांना हिरवेगार कोकण बघायची सवय लावली आहे. हिवाळ्यातल्या चित्रावर हिरवा चढवला की ते ना पावसाळ्याचे राहते ना हिवाळ्याचे.

रत्नागिरी जिल्ह्यातल्या कातळशिल्पांनी अलीकडे या छायाचित्रणाला निराळे काम दिले आहे. उक्षी, कशेळी, देवीहसोळ, बारसू इथल्या सड्यांवर जांभ्यात कोरलेली ही शिल्पे २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. कशेळीचा हत्ती सुमारे १८ मीटर लांबीचा, म्हणजे उभ्या माणसाच्या नजरेत न मावणारा. तो ड्रोनमधूनच पुरता दिसतो. पावसाळ्यात सडा गवताने झाकलेला असतो. गवत वाळून बसले की खोदकाम उघडे पडते आणि सकाळ-संध्याकाळच्या तिरप्या उन्हात उथळ रेषांनाही सावली मिळते. अशा चित्रात मोजपट्टी आणि उत्तर दिशेची खूण ठेवतात. संपादनही उजेडाच्या समतोलापुरतेच करतात, कारण झिजलेली रेषा गडद केली की मूळ खोदकाम कुठवर आहे आणि दगडाची नैसर्गिक भेग कुठून सुरू होते, हे अभ्यासकाला सांगता येत नाही.