विच हॅझेल, हिरडा आणि बाभळीची साल: तुरट औषधांची गोष्ट

मागच्या हिवाळ्यात दौंडचे एक निवृत्त रेल्वे कर्मचारी तपासणीसाठी आले. वय पासष्टच्या पुढे. शौचाच्या वेळी रक्त पडतं, ही तक्रार. बोलता बोलता त्यांनी पिशवीतून एक बाटली काढून टेबलावर ठेवली. "डॉक्टरसाहेब, मुलीनं अमेरिकेहून पाठवलंय. तिकडं मूळव्याधीवर हेच लावतात म्हणे. नातू मात्र नाव वाचून म्हणाला, आजोबा, हे तर चेटकिणीचं औषध!"

बाटलीवर लिहिलं होतं 'विच हॅझेल'. काका तीन महिने ते लावत होते. त्यांचं पुढे काय झालं ते शेवटी सांगतो. आधी या बाटलीची गोष्ट, कारण ती फिरून आपल्याच नदीकाठी येते.

नावात चेटकीण, झाडात नाही

विच हॅझेल हे उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागातल्या जंगलातलं झुडूप आहे. शास्त्रीय नाव हॅमामेलिस व्हर्जिनियाना. इतर झाडांची पानं गळू लागतात तेव्हा याला पिवळी, दोऱ्यासारख्या पाकळ्यांची फुलं येतात. नावातला 'विच' हा जुन्या इंग्रजीतल्या 'सहज वाकणारा' अशा अर्थाच्या शब्दावरून आला आहे. चेटकिणीशी त्याचा संबंध नाही. गंमत म्हणजे तिथले वसाहतवाले याची दुबेळकी फांदी हातात धरून जमिनीतलं पाणी शोधत. शिरूरच्या कोरडवाहू गावांत बोअर घेण्याआधी पाणाडी बोलावतात, तसंच.

तिथले मूळ रहिवासी या झाडाची साल आणि डहाळ्या उकळून सूज, मुका मार आणि जखमांवर लावत. युरोपातून गेलेल्या लोकांनी ते त्यांच्याकडून घेतलं. १८४६ मध्ये न्यूयॉर्क राज्यातले एक औषधविक्रेते, थेरॉन पॉन्ड, यांनी या झाडाचा अर्क बाटलीत भरून विकायला सुरुवात केली. भाजणं, मूळव्याध, रक्तस्राव, सगळ्यांवर एकच इलाज, अशा त्याच्या जाहिराती होत. पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्याच कंपनीने चेहऱ्याला लावायची क्रीम काढली आणि अर्क मागे पडला. आपल्या घरोघरी दिसणारा पॉन्ड्सचा पावडरचा डबा त्याच घराण्यातला. होमिओपॅथीनेही हे झाड उचललं, म्हणून आपल्याकडच्या होमिओपॅथिक दुकानांत 'हॅमामेलिस' या नावाची बाटली मिळते.

आपलं विच हॅझेल कोणतं?

विच हॅझेलच्या सालीत टॅनिन असतं. टॅनिन म्हणजेच आपला तुरटपणा. कच्ची सुपारी किंवा जांभूळ खाल्ल्यावर जीभ आखडल्यासारखी होते, ते याच्यामुळे. टॅनिन प्रथिनांना घट्ट बांधतं. कातडी कमावतात ती याच गुणावर, आणि कोल्हापुरी चपलेचं कातडंही बाभळीची साल आणि हिरडा वापरूनच कमावतात. जिवंत त्वचेवर हेच काम हलक्या प्रमाणात होतं. वरचा थर आकसतो, झिरपणं कमी होतं, बारीक रक्तवाहिन्यांतून येणारं रक्त थांबायला मदत होते.

म्हणजे विच हॅझेलची भावंडं आपल्याच जिल्ह्यात आहेत. भीमा आणि घोड या दोन्ही नद्या पश्चिमेच्या डोंगरात, हिरड्याच्या मुलखात उगम पावतात. आंबेगाव-जुन्नरकडचे आदिवासी आजही बाळहिरडा गोळा करून विकतात. खाली शिरूर-दौंडच्या सपाटीवर आलं की नदीकाठी बाभळी लागतात. हिरडा पोटासाठी आणि गुळण्यांसाठी, बाभळीची साल हिरड्यांसाठी आणि जखम धुवायला, हे आपल्या आजींना पाठ होतं. आयुर्वेदाने याला कषाय रस म्हटलं आहे.

इंग्रजांनाही हे लवकर कळलं. शिरूरला, म्हणजे तेव्हाच्या घोडनदीला, त्यांची छावणी होती. विलायतेहून औषध यायला महिने लागत, त्यामुळे इथल्या वनस्पतींकडे सरकारचं लक्ष होतं. मुंबईत सरकारी औषधसाठा सांभाळणारे विल्यम डायमॉक यांनी पश्चिम भारतातल्या वनौषधींवर ग्रंथ लिहिला. १९०० साली ब्रिटिश औषधसंहितेला हिंदुस्थान आणि वसाहतींसाठी पुरवणी जोडली गेली, तिच्यात बाभळीच्या सालीला अधिकृत औषधाची जागा मिळाली. आपल्या बांधावरची बाभूळ सरकारी पुस्तकात जाऊन बसली.

एक सावधगिरी. दौंडच्या रेल्वेलाइनीच्या कडेला माजलेली वेडी बाभूळ ही वेगळी. तीही अमेरिकेतूनच आलेली. तिची साल औषध म्हणून वापरू नका.

मग बाटलीत काय असतं?

बाजारातलं बहुतेक विच हॅझेल हे वाफेवर काढलेलं पाणी असतं. वाफेबरोबर टॅनिन येत नाही, ते भांड्यातच राहतं. वर या पाण्यात साधारण १४ टक्के अल्कोहोल घालतात. म्हणजे लावल्यावर जो गारवा आणि आकसल्याची भावना येते, ती बरीचशी अल्कोहोलची. अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी ते किरकोळ त्वचेच्या त्रासासाठी आणि मूळव्याधीच्या खाजेसाठी, फक्त बाहेरून लावायला मान्य केलं आहे. त्वचेच्या त्याच यादीत अ‍ॅल्युमिनियमचे क्षारही आहेत. आपल्या न्हाव्याची तुरटी त्याच जातीची.

वापरायचं असेल तर

• दाढीचा ओरखडा, किडा चावल्याची खाज, मूळव्याधीची आग: तुरट द्रव्य बाहेरून लावायला हरकत नाही. चुरचुरलं तर थांबवा.
• उघड्या जखमेत सालीची पूड भरू नका. जखम वाहत्या पाण्याने आणि साबणाने धुवा आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनचं विचारा.
• भाजल्यावर वीस मिनिटं साधं वाहतं पाणी. दुसरं काही नको.
• सालीचा काढा रोज पिऊ नका. टॅनिन अन्नातलं लोह अडवतं. रक्त कमी असलेल्या बायकांनी तर जेवणाबरोबर चहासुद्धा टाळावा.
• मूळव्याधीचं मूळ बद्धकोष्ठात आहे. भाकरी, पालेभाज्या, भरपूर पाणी, कुंथणं बंद आणि कोमट पाण्यात बसणं, याला कुठल्याच बाटलीची सर नाही.

आणि काका?

काकांचं हिमोग्लोबिन आठ निघालं. वजनही उतरलं होतं, पण ते उन्हाळ्यापासूनच जेवण कमी झाल्यामुळे, असं त्यांनी स्वतःच ठरवून टाकलं होतं. बोटाने तपासल्यावर मूळव्याध होती, हे खरं. पण मूळव्याध आहे म्हणजे रक्त तिथूनच येतंय असं नाही. दुर्बिणीच्या तपासणीसाठी पुण्याला पाठवलं, तेव्हा मोठ्या आतड्यात गाठ सापडली. कर्करोगाची. ऑपरेशन झालं, सुदैवाने ती पसरलेली नव्हती.

औषधाने त्यांचं वाईट केलं नाही. वाईट केलं ते मधल्या तीन महिन्यांनी. रक्त मध्येच थांबायचं, ते औषधाने थांबलं असं वाटायचं. गाठीचं रक्त आपोआपही थांबतं आणि पुन्हा येतं.

म्हणून एवढंच लक्षात ठेवा. शौचातून रक्त येत असेल तर एकदा तरी डॉक्टरांकडून तपासून घ्या. लाज वाटण्यासारखं त्यात काही नाही. वय पंचेचाळीसच्या पुढे असेल, वजन घटत असेल, शौचाची सवय बदलली असेल, शौच काळं होत असेल किंवा थकवा येत असेल, तर एक दिवसही थांबू नका. तपासणीनंतर मूळव्याधच निघाली तर आनंदाने तुरट औषध लावा.

काका परवा भेटायला आले होते. बाटली अजून आहे म्हणाले. आता दाढी झाल्यावर लावतात. त्या कामाला ती अगदी योग्य आहे.