नशिराबादची बांगडी आणि काचेची वीट

जळगावहून भुसावळकडे जाताना महामार्गावर लागणारे नशिराबाद आज केळी, कापूस आणि सिमेंट कारखान्यामुळे ओळखले जाते. एकेकाळी मात्र या गावाची ओळख काचेच्या बांगड्या आणि हातकागद ही होती. १९०८ च्या सुमारास प्रसिद्ध झालेल्या 'इंपीरियल गॅझेटिअर ऑफ इंडिया' या ग्रंथमालेत भादली रेल्वे स्थानकापासून दोन मैलांवरील या गावाची नोंद आहे. तेथील कागदाचा व्यवसाय जवळजवळ संपला असून काचेच्या बांगड्या अद्याप थोड्याफार होतात, असे त्यात म्हटले आहे. पुढे तीही कला मागे पडली. आज बाजारातील बहुतेक काचेच्या बांगड्या उत्तर प्रदेशातील फिरोजाबादहून येतात. परंतु प्रत्येक घरात साठणारे बांगड्यांचे तुकडे आणि बांधकामातून उरणारी काचेची वीट यांचा मेळ घातला, तर त्यातून घराची शोभा वाढविणारी टिकाऊ वस्तू तयार होऊ शकते.

फुटते ती नव्हे, वाढते ती

मराठीत बांगडी फुटली असे म्हणत नाहीत; ती 'वाढली' असे म्हणतात. सौभाग्याशी जोडलेल्या वस्तूविषयी अशुभ शब्द उच्चारू नये, हा त्यामागील संकेत. याच संकेताची दुसरी बाजू कठोर आहे. पतीच्या निधनानंतर स्त्रीच्या हातातील बांगड्या फोडण्याची प्रथा त्यातूनच टिकून राहिली. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये या व अशा विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि राज्य शासनाने त्याच महिन्यात इतर ग्रामपंचायतींनाही तसे आवाहन केले. बांगडीचा तुकडा घरात ठेवू नये, ही भावना अनेक ठिकाणी आढळते ती या पार्श्वभूमीवर.

मुलींनी मात्र हा तुकडा कधीच टाकाऊ मानला नाही. इतर तुकड्यांना धक्का न लावता एकेक काच उचलण्याचा 'काचापाणी' हा खेळ त्याच तुकड्यांचा. दिव्याच्या ज्योतीवर तुकड्याची टोके तापवून, वाकवून, एकात एक अडकवून केलेल्या साखळ्या आणि तोरणे जुन्या घरांच्या दारांवर दिसत असत. काचेपासून केलेल्या गृहशोभेचा आपल्याकडील हा सर्वांत साधा नमुना होय.

काच वाकते कशी?

बर्फ एका ठराविक तापमानाला वितळतो, तशी काच वितळत नाही. ती हळूहळू मऊ होत जाते. या गुणामुळेच ती ओढता, वळविता आणि जोडता येते. पारंपरिक पद्धतीत कारागीर भट्टीतील तप्त काचेचा गोळा लोखंडी सळईवर घेऊन तो फिरवीत आणि मातीच्या शंकूवर त्याचे कडे रुंदावीत. नंतरच्या पद्धतीत काचेची तार फिरत्या रुळावर गुंडाळून, ती कापून, प्रत्येक कड्याची टोके ज्योतीवर जोडली जाऊ लागली.

खरे कौशल्य मात्र त्यानंतरचे. तप्त काच एकदम थंड झाली, तर बाहेरचा थर आधी आकसतो, आतला मागे राहतो आणि काचेत ताण उरतो. अशी काच पुढे केव्हाही तडकते. म्हणून ती सावकाश निववावी लागते. काचेच्या विटेलाही हाच नियम लागू पडतो.

काचेची वीट म्हणजे काय?

स्विस वास्तुविशारद गुस्ताव फाल्कोनिए यांनी १८८० च्या दशकात फुंकलेल्या काचेच्या पोकळ विटा तयार केल्या. पॅरिसमधील १९३२ मध्ये पूर्ण झालेल्या 'मेझाँ द व्हेर', म्हणजेच काचघर, या वास्तूमुळे काचेच्या विटांची भिंत जगभर चर्चेत आली. आज मिळणारी पोकळ वीट साच्यात दाबून केलेले दोन अर्धे भाग उष्णतेने एकमेकांस जोडून बनवितात. थंड होताना आतील हवेचा दाब कमी होतो. सर्वसाधारण वीट १९ सेंटिमीटर लांब, तितकीच रुंद आणि ८ सेंटिमीटर जाड असते. तिचे वजन सुमारे अडीच किलो भरते. आपल्याकडे जिन्यात आणि न्हाणीघराच्या भिंतीत ती वापरतात.

विटेचा दिवा : कृती

साहित्य : एका बाजूने तरी गुळगुळीत असलेली एक वीट, रंगीत बांगड्यांचे तुकडे, दोन भागांचा पारदर्शक इपॉक्सी गोंद, पांढरा सिमेंट, एलईडी दिव्यांची लहान माळ आणि लाकडी बैठक.

१. वीट साबणाने धुऊन, वाळवून स्पिरिटने पुसावी. तेलकट पृष्ठभागावर गोंद धरत नाही.

२. बांगडी जाड कापडात गुंडाळून पकडीने तोडावी. तीक्ष्ण कडा ओल्या पॉलिश पेपरवर घासाव्यात.

३. नक्षी आधी कागदावर मांडून पाहावी. बांगडीचा तुकडा मुळातच कमानदार असल्याने मोराचा पिसारा, केळीचे पान किंवा सूर्य यांसारखे आकार सहज जमतात.

४. वीट आडवी ठेवून एकेक तुकडा चिकटवावा आणि २४ तास हलवू नये. खानदेशच्या उन्हाळ्यात गोंद लवकर घट्ट होतो, म्हणून एका वेळी थोडाच कालवावा.

५. फटी भरावयाच्या असल्यास पांढऱ्या सिमेंटचा लेप देऊन ओल्या फडक्याने पुसून घ्यावा. प्रकाश अधिक हवा असेल, तर फटी मोकळ्या सोडाव्यात.

६. वीट बैठकीवर ठेवून मागील बाजूस माळ लावावी. माळ विटेच्या आतच हवी असल्यास भोक पाडावे लागते. त्यासाठी हिरकणी लावलेले गिरमिट, सतत पाणी आणि मंद गती लागते. पाणी आणि विजेचे यंत्र एकत्र येत असल्याने हे काम काचेच्या दुकानातून करून घेणे श्रेयस्कर.

दक्षता

तुकडे करताना डोळ्यांवर चष्मा व हातांत जाड मोजे असावेत. मुलांना चिकटविण्याचे काम द्यावे, तोडण्याचे नव्हे. काच कोरडी घासू नये. तिची धूळ फुप्फुसांस अपायकारक असते. काही रंगीत काचांत शिशासारखे धातू असू शकतात. म्हणून अशी नक्षी खाण्यापिण्याच्या भांड्यांवर करू नये. विटेत किंवा विटेजवळ तापणारा बल्ब, मेणबत्ती वा पणती ठेवू नये. एक बाजू तापली आणि दुसरी थंड राहिली, की वीट तडकते. जळगाव परिसरात मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे जातो. अशा वेळी गच्चीवर तापलेल्या विटेवर पाणी ओतणेही टाळावे.

नशिराबादच्या भट्ट्यांवर काच सावकाश निववावी लागे, ते याच कारणासाठी. त्या बांगड्या आता घडत नाहीत. परंतु काचेचा नियम तोच आहे. आणि 'वाढलेल्या' बांगडीला उकिरड्याऐवजी उजेडात जागा देण्यासाठी भट्टीची आवश्यकता नाही.